रविवारचा बिलावल

उल्हास काशाळकर सकाळी गाणार आहेत असं कळलं की मी आणि माझा मामा आधी भांडून घेतो. तिकीट कितीचं, सभागृह कुठलं, गाडी कुठे लावायची हे सगळं मागाहून. आधी, गातील काय? मामाचं उत्तर वर्षानुवर्षं एकच: ‘‘तोडी. सकाळी दुसरं गायचं काय?’’ मी देसकारावर अडून बसते. गायकाने काय गावं हे श्रोत्याने घरबसल्या ठरवणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. पण आवडत्या गवयाच्या बाबतीत तो केल्याशिवाय राहवत नाही, आणि अंदाज फसला तर वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटतं.

सकाळची मैफल मला संध्याकाळपेक्षा प्रिय झाली त्याचं कारण अगदी सरकारी आहे. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद झाले, आणि पुढे अंमलबजावणी कडक होत गेली तशा रात्ररात्र चालणाऱ्या मैफली संपल्या. 1953 साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. डिसेंबरच्या थंडीत शाली आणि थर्मास घेऊन बसलेली माणसं पहाटेचे राग ऐकून, डोळे चोळत घरी जायची. आता एखाद्या दिवशी खास परवानगीने बारा वाजतात, एरवी दहा म्हणजे दहा. नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. शेजारच्या इमारतीत आजारी माणूस असतो, परीक्षेची पोरं असतात, आणि वरातींनी जो छळ मांडला होता त्याला कुणीतरी आवर घालायलाच हवा होता. पण सुक्याबरोबर ओलं जळालं. संध्याकाळच्या मैफली मारवा, पूरिया, श्री, यमन यांच्याभोवतीच फिरत राहिल्या. दरबारीला घाई झाली, अडाणा जाता जाता उरकला जाऊ लागला. सकाळच्या रागांना आता रविवारच्या कार्यक्रमांचाच काय तो आधार. दिवाळी पहाट असते म्हणा, पण तिथे लोक नवे कपडे घालून, फराळाच्या ओढीने आणि भावगीतांच्या आशेने आलेले असतात. कुणी अर्धा तास विलंबित ख्याल लावून धरला तर निवेदिकेचा चेहरा बघवत नाही.

काशाळकरांची माझी ओळख कॅसेटमधली. म्हणजे माझ्या बाजूने ओळख. ते विदर्भातल्या पांढरकवड्याचे, वडील वकील आणि गाण्यातले जाणकार, नागपूर विद्यापीठात संगीताचं शिक्षण, मग मुंबईकडे येऊन राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांच्याकडे तालीम, 1993 पासून कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू, हे सगळं मला फार नंतर कळलं. आधी कळला तो आवाज. चढा, निकोप, कडेने जरा धारदार. आणि आकार असा की मामा म्हणायचा, ‘‘बघ, तोंड उघडलंय आणि सूर बाहेर आलाय, मध्ये काही अडगळच नाही.’’ कॅसेट नव्वद मिनिटांची. एका बाजूला पंचेचाळीस, आणि बाजू संपायची ती नेमकी द्रुत रंगात आली असताना. खट्. कुठल्या तानेनंतर हे खट् होतं ते मला इतकं पाठ झालं होतं की पुढे तोच राग दुसऱ्या कुणाकडून ऐकतानाही त्या सुमाराला कान दचकायचा.

ध्वनिमुद्रण असं पुन्हा पुन्हा ऐकलं की ते गाणं आपल्या मालकीचं होतं. कुठे श्वास घेतलाय, कुठे तबलजीने ठेका जरा दाबलाय, कुठे मागे कुणी खोकलंय, सगळं आपलंच. मैफलीला जाताना ती मालकी आपण बरोबर घेऊन जातो. पण समोर तर जिवंत माणूस बसलेला असतो, आणि आपली कॅसेट वाजवायला तो काही बांधलेला नसतो.

त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा पडदा उघडला होता आणि तंबोरे लावणं चाललं होतं. हा भाग कॅसेटवाले कापून टाकतात. कापायला नको होता असं मला दर वेळी वाटतं. काशाळकर एका शिष्याच्या तंबोऱ्याकडे जरा झुकून ऐकत होते. त्याने खुंटी पिळली, मणी खाली ओढला, मग घोडीवरचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवला. तार आतापर्यंत नुसती वाजत होती, ती एकदम गुंजायला लागली. सभागृहात निम्मे लोक अजून खुर्च्यांचे नंबर शोधत होते. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. वाटलं, त्यांना सांगावं, अहो कार्यक्रम सुरू झालाय.

‘‘पंचमाचा लावलाय,’’ मामा कुजबुजला. ‘‘तोडी होऊ शकते.’’

ध्वनिव्यवस्थेबद्दल एवढंच की डग्गा नेहमीप्रमाणे पोटात वाजत होता. ‘तंबोरा वाढवा, तबला कमी करा’ ही विनंती मी इतक्या मंचांवरून इतक्या वेळा ऐकली आहे की ती पत्रिकेतच छापावी.

मग षड्ज लागला. थोडा वेळ नुसता षड्जच. पुढे गंधार, रिषभ, पुन्हा गंधारावरून पंचमाला, धैवताला. आणि माझ्या पलीकडच्या बाई जरा पडेल आवाजात म्हणाल्या, ‘‘बिलावल होय!’’

बाईंचं मला समजलं. भातखंड्यांनी शुद्ध स्वरांचा थाट म्हणून बिलावल घेतला, तेव्हापासून पेटीच्या वर्गात पहिल्या दिवशी बोटाखाली येतात ते हेच स्वर. ज्याला गाण्यातलं काही येत नाही त्यालाही एवढं येतं. दरबारीत नुसता गंधार हलवला तरी सभागृह गार पडतं, तोडीत रिषभ-गंधार लागताच माणसं आपापली दुःखं आठवतात. बिलावलात अशी काही सोय नाही. सगळं उजेडात. कारागिरी कच्ची असेल तर झाकायला अंधार नाही आणि रसिकाला डोळे मिटून विरघळायला निमित्त नाही. म्हणूनच असेल, हल्ली तो मैफलीत कमी ऐकू येतो. आणि म्हणूनच तो कुणी मन लावून गायला बसला की मी सावरून बसते.

हा होता आल्हैया बिलावल, विलंबित तिलवाड्यात. ग्वाल्हेरची रीत अशी की चीज आधी नीट मांडायची. नुसत्या मुखड्यावर स्वार होऊन आलापात शिरायचं नाही. स्थायी म्हणायची, अंतरा म्हणायचा, घर कसं आहे ते पाहुण्याला एकदा फिरून दाखवायचं आणि मग एकेका खोलीत बसायचं. काशाळकर हे फार स्वच्छ करतात. शब्द चावत नाहीत, ओढून मोठेही करत नाहीत. अंतऱ्यात वरचा षड्ज लागला तेव्हा टाळ्या आल्या नाहीत, याचा मला आनंद झाला. टाळ्या पुढे तानांना यायच्याच होत्या.

तिलवाडा सोळा मात्रांचा. त्रितालही सोळांचाच. पण तिलवाड्यात दुसऱ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला ‘तिरकिट’ पडतं, आणि ठेका इतका संथ असतो की ते तिरकिट नसतं तर आपण आवर्तनात कुठे आहोत ते आमच्यासारख्याला कळलंच नसतं. मामा लहानपणी तबला शिकला, नंतर बँकेत लागला. हात गेला पण बोटं राहिली आहेत. अंगठा पेरांवरून फिरत असतो. तबल्यावर त्या दिवशी एक तरुण मुलगा होता. काशाळकरांच्या गाण्यामागे सुरेश तळवलकरांचा ठेका ज्यांनी ऐकलाय, त्यांना इतर कुणी साथीला बसलं की धाकधूक वाटते. तळवलकर ठेका धरतात तेव्हा दोन मात्रांमधलं अंतरसुद्धा भरलेलं असतं. या मुलाने तसं काही करायचा आव आणला नाही. सरळ, घट्ट ठेका धरला आणि गवयाच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याच्या वयाला ही मोठी अक्कल म्हणायची.

आल्हैया बिलावलात कोमल निषाद आहे. आहे म्हणजे असा आहे: अवरोहात, दोन धैवतांच्या मध्ये, जेमतेम. वरून येताना धैवतावर यायचं, निषादाला कोमल स्पर्श करायचा, पुन्हा धैवत, आणि पंचमावर उतरायचं. त्याच्यावर थांबलात तर राग बिघडतो, तो टाळलात तर नुसता बिलावल उरतो. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. पण किती जेमतेम, हे पुस्तक कसं सांगणार? काशाळकरांनी पहिली काही आवर्तनं तो जवळपास लपवूनच ठेवला. आम्ही मध्य सप्तकात गंधार-पंचमाच्या आसपास फिरत राहिलो. मग एकदा वरच्या षड्जावरून उतरताना तो आला, धैवताच्या आड उभा राहून डोकावल्यासारखा, आणि गेला. पुढच्या आवर्तनात पुन्हा आला. पण या वेळी धैवत आधी जरा लांबवला होता, त्यामुळे आपण वाट पाहत होतो. तिसऱ्या खेपेला सगळी तयारी केली, धैवतापर्यंत आणलं, आणि निषाद न घेताच दुसऱ्या बाजूने समेवर गेले. माझ्या मागे कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातून. आपल्याला फसवलंय हे कळल्याचं ते हसू होतं.

कॅसेटवर हे ऐकू आलं असतं का? सूर सगळे आले असते. पण तिसरी खेप मला चौथ्यांदा ऐकताना पाठ झाली असती, आणि पाठ झालेल्या फसवणुकीत कसली गंमत? त्या क्षणी फसायला सगळे एकत्र बसलेले होते. मला तर असंही वाटतं की त्यांनाही ते ऐन वेळी सुचलं असावं. अर्थात हा माझा कयास. काशाळकर मंचावर असल्या गोष्टींची वाच्यता करणाऱ्यातले नव्हेत.

गजाननबुवांचं नाव इथे पुन्हा घ्यायला हवं. बुवा ग्वाल्हेरच्या परंपरेतले. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. तरी बुवा जयपूरच्या भूर्जीखाँकडे शिकले, आग्र्याच्या विलायत हुसेनखाँकडे शिकले, आणि वर व्हायोलिनही उत्तम वाजवायचे. तीन घराण्यांचं गाणं एका गळ्यात आणणं बोलायला सोपं. बहुतेकांच्या हातून त्याची मिसळ होते: दोन मिनिटं हे, दोन मिनिटं ते, आणि कशाचीच चव नाही. काशाळकरांकडे ते एकजीव झालेलं दिसतं. आता हा बिलावल. चीज मांडली ती ग्वाल्हेरची. मध्ये शब्द घेऊन लयीशी झटापट सुरू झाली, तेव्हा आग्रा. तानांमध्ये एक वळण असं येई की सरळ वर जाणारा जिना मधेच वळून दुसऱ्याच मजल्यावर उघडतो, ते जयपूर. पण हे मी आता घरी बसून वेगळं करते आहे. तिथे ते एकामागून एक येत होतं आणि सांधा सापडत नव्हता. घराण्यांची भांडणं ज्यांना प्रिय आहेत, त्यांच्यासाठी हा गवई अडचणीचा आहे.

माझ्या कॅसेटमध्ये त्यांची एक लांबलचक तान आहे, मंद्रातून निघून तार सप्तकात जाऊन परतणारी. त्या जातीची तान या रविवारी येईल म्हणून मी टपून बसले होते. ती आली नाही. त्या जागी आले तीन तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा आखूड, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या मात्रेवर, आणि तिसऱ्याचं शेपूट मुखड्यात गुंतवलेलं. काशाळकर आता सत्तरीच्या घरात आहेत. हे वयाने आलं की विचाराने, मी सांगू शकत नाही, आणि मला वाटतं हा प्रश्न विचारणं हाच श्रोत्याचा कद्रूपणा आहे. आपण तरुणपणी पाठ केलेल्या तानेच्या मापाने माणसाला जन्मभर मोजत राहायचं? त्या तीन तुकड्यांत जे होतं ते त्या लांब तानेत नव्हतंच. ती तान मी डोळे विस्फारून ऐकायची. हे तुकडे ऐकताना डोकं चालवावं लागत होतं, आणि तिसऱ्याच्या शेवटी मुखडा कुठल्या मात्रेवरून उचलला हे मला दिसेपर्यंत सम येऊनही गेली होती.

इथे सभागृह फुटलं. टाळ्या, वाहवा, मामाचा तो त्याच्या खास आवाजातला ‘आहाऽ’. माझ्या मागच्या रांगेतला मुलगा मोबाइल छातीशी धरून बसला होता. पडदा काळा, पण वर लाल ठिपका. ‘कृपया ध्वनिमुद्रण करू नये’ अशी सूचना सुरुवातीलाच झाली होती आणि सगळ्यांनी तिला मान डोलावली होती. त्याच्यावर रागावणं मला जमलं नाही. मामाने जमवलेल्या कॅसेटींतल्या निम्म्या तरी कुणाच्या तरी शबनममधून आल्या होत्या, एवढं मला ठाऊक आहे.

द्रुत त्रितालातली चीज झाली, तिच्या पाठोपाठ तराणा, आणि मध्यंतर. मध्यंतराबद्दल कुणी लिहीत नाही. वास्तविक मैफलीचा निकाल तिथे लागतो. वड्याच्या रांगेत उभं राहावं आणि कान उघडे ठेवावेत. पुढे गाणं शिकणाऱ्या दोन मुली होत्या. एक जण ध नि ध प असं गुणगुणत होती आणि दुसरी दर वेळी ‘‘अगं नाही, इतका नाही,’’ म्हणून तिला अडवत होती. निषाद तिच्याकडून जरा जास्तच लागत होता. माझ्या शेजारच्या बाई, त्याच त्या ‘बिलावल होय’वाल्या, कुणाला तरी फोनवर सांगत होत्या की आज कमाल झाली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं मत पडलं की तराणा आधी संपवायला हवा होता. एका आजोबांना सगळ्यात आवडलं होतं ते अंतऱ्यातलं एकच अक्षर. ते त्यांनी तिथेच, हातात कागदी बशी धरून, म्हणून दाखवलं, आणि म्हणताना ते त्यांचंच झालं. कुणीही दुसऱ्याने ऐकलेलं गाणं ऐकलं नव्हतं. हे असं कॅसेटच्या बाबतीत होत नाही. तिथे फार तर कुणाचा टेपरेकॉर्डर चांगला हा वाद.

आमचा वाद तिसऱ्या तुकड्यानंतरच्या मुखड्याचा होता. ‘‘तेरावीवरून उचलला,’’ मामा ठामपणे म्हणाला.

‘‘मामा, तेरावीला ते अजून तानेतच होते. चौदावीच्या पुढे असणार.’’

‘‘अगं, माझ्या बोटांवर होती ना तेरावी!’’

‘‘तुझी बोटं टाळ्या वाजवत होती.’’

‘‘टाळ्या समेनंतर. त्याआधी मी मोजतच होतो.’’

यावर आजोबा मधे पडले आणि म्हणाले की दोघंही चूक, अकरावी. मुलींपैकी एक म्हणाली की तिला बारावी वाटली होती, पण सर काय म्हणतील कुणास ठाऊक. वडे आले. चटणी संपली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतला तो मुलगा घसा खाकरून म्हणाला, ‘‘काका, तुमची हरकत नसेल तर... माझ्याकडे आहे ते.’’

क्षणभर सगळे ओशाळले, मग सगळे जवळ सरकले. त्याने मोबाइल आजोबांच्या कानाशी धरला, मग आमच्या मधोमध. मागे वडे तळण्याचा आवाज, कपबश्यांचा आवाज. तिसरा तुकडा सुरू झाला, वर गेला, वळला. मामा अंगठा पेरांवर ठेवून तयार. आता मुखडा येणार, आणि नेमक्या त्या जागी, खणखणीत, बाकी सगळं बुडवून, मोबाइलमधून मामाचाच आवाज आला: आहाऽ.

कुणी काही बोलायच्या आत मामाने वडा तोंडात घातला. ‘‘मात्रा सोडा,’’ तो म्हणाला, ‘‘पण दाद अगदी जागेवर आहे की नाही?’’